उजवा हात

“कस्तुरी, चुकून उजवा वर आलाय बघ तुझा. खाली घे, डावा कर.”

कुराडे सर सगळ्या वर्गासमोर असं बोलले आणि वर्ग फिसकन हसला. मी हात खाली घेतला नाही. दंड कानाला चिकटवून आणखी ताणला, इतका की बगलेतली शिवण उसवल्याचा आवाज मला ऐकू आला.

हे उजवं-डावं प्रकरण काय होतं ते आधी सांगते. आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले की त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला वर्गातल्या प्रत्येकानं हात वर करायचाच, असा दंडक होता. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसायचा आणि सर उठवायचे फक्त उजव्यांना. साहेब खूश, सर खूश, मग ऑफिसात पोहे आणि चहा. पाचवीपासून आम्ही हेच शिकत आलो होतो. आणि मला पाचवीपासून डावा हात नेमून दिला होता, उत्तर येवो न येवो. का, तर मी बोलताना अडखळते. त्यात ‘क’ तर माझा सात जन्मांचा वैरी, आणि आईबापानं हौसेनं नाव ठेवलं कस्तुरी. “तुझं उत्तर बाहेर येईपर्यंत साहेब रिटायर होतील गं बाई,” असं सर हसत हसत म्हणायचे. त्यापेक्षा दोन छड्या मारल्या असत्या तर चाललं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्या शनिवारी मात्र साहेब आले नव्हते. आठवी संपत आली होती आणि नववीला कुणाला बीजगणित-भूमिती द्यायची, कुणाला सामान्य गणित, याची वाटणी सर करणार होते. सामान्य गणित म्हणजे सोपं गणित. कच्च्या पोरांची गणितापायी दहावी अडू नये म्हणून काढलेलं. त्यात वाईट काही नव्हतं. पण आमच्या शाळेच्या फाटकावर ‘निकाल शंभर टक्के’ असा फलक होता, आणि तो फलक उतरू नये म्हणून जरा कुणाचा संशय आला की त्याला सामान्यला ढकलायचं, ही सरांची रीत. एकदा सामान्य घेतलं की पुढं पॉलिटेक्निकचं दार बंद.

हे मला कुणी सांगायला नको होतं. माझी थोरली बहीण सुवर्णाताई सामान्य गणितात भरपूर मार्क घेऊन आप्पांबरोबर तालुक्याला गेली होती, पॉलिटेक्निकचा अर्ज आणायला. खिडकीतल्या माणसानं मार्कलिस्ट बघितली आणि परत दिली. “हे गणित चालत नाही, बाळ,” म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. वरातीच्या गाडीत बसताना सगळ्या मुली रडतात तशी ती रडलीच, पण माझ्या कानाशी येऊन बोलली ते वेगळंच होतं. “कस्तु, मेलीस तरी सामान्य घेऊ नको.”

म्हणून हात उजवा. खांद्यापासून तुटला असता तरी खाली आला नसता.

“अगं ऐकू येतंय का?” सर म्हणाले. “उजवा म्हणजे बीजगणित. उजव्यांना मी तोंडी प्रश्न विचारणार. तोंडी! डाव्यांना प्रश्न नाही, त्रास नाही, ते सुखानं सामान्यला.”

“सर, ति-तिला येतंय,” माझ्या शेजारून निलोफर म्हणाली. ती अडखळत नव्हती, घाईनं बोलत होती एवढंच.

निलोफर मुजावर पहिलीपासून माझ्या बेंचवरची. जीभ कशी, तर नुसती सुरी. पहिलीत बाईंनी मला नाव विचारलं आणि मी ‘क-क-क’ करत राहिले, तेव्हा हिनं उठून सांगितलं, “बाई, ती कस्तुरी गुरव.” तेव्हापासून ती माझं तोंड झाली. दुकानात, एसटीत, वर्गात. मी वाक्याची सुरुवात करायची, तिनं पुरं करायचं. गणिताला मी वहीत उत्तर काढायचं, तिनं बघून खणखणीत आवाजात सांगायचं. सगळे म्हणायचे, काय मैत्री आहे! आणि गंमत बघा, लेखी परीक्षेत मला चांगले मार्क पडले की सर म्हणायचे, “निलोफरचं बघून लिहिलं असशील.” तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. पण आग झाली तरी तिला तोंडातूनच बाहेर यावं लागतं ना!

“बरं,” सर घड्याळाकडं बघत म्हणाले. शनिवारी शाळा सकाळची, आणि सुटली रे सुटली की सरांचा तालुक्याला क्लास असायचा. “एवढी हौस आहे तर ऊठ. वही मीट. निलोफर, तूही मीट. ऐक. एक टेम्पो घाट चढतो ताशी वीस किलोमीटरनं. त्याच वाटेनं उतरतो ताशी तीसनं. जाऊन येऊन सरासरी वेग किती?”

गणित ऐकलं आणि मला हसूच आलं. टेम्पो म्हणजे माझ्या आप्पांचा. आप्पा डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून घाट चढायची. चढ संपता संपत नाही. इंजिन कण्हतं, आप्पा चार वेळा तंबाखू मळतात, मी दोनदा झोपून उठते. आणि उतार? उतार म्हणजे आला कधी, गेला कधी. आता सांगा, ज्या वेगानं आपण जास्त वेळ चालतो त्याचं वजन सरासरीत जास्त पडणार की नाही? माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. चोवीस.

पण सरांच्या वर्गात डोक्याला काम नव्हतं. भिंतीवर त्यांनी तक्ता लावला होता. ‘एकूण’ दिसलं की बेरीज. ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. ‘सरासरी’ दिसलं की दोन्हींची बेरीज करून निम्मं. गणित वाचायचं नाही, त्यातला एक शब्द हुडकायचा, बस्स! पोरं तशीच करायची आणि पासही व्हायची.

“स-सर,” मी सुरुवात केली. “च-च-च...”

पोरं मोजायला लागली. हा त्यांचा जुना खेळ. माझ्या प्रत्येक ‘च’ला मागच्या बेंचवर बोट दुमडायचं.

“च-चढ-चढताना व-व...”

“निलोफर,” सर म्हणाले, “काय म्हणतीय ती? सांग बघू लवकर.”

निलोफर उठली. मी तिच्याकडं बघून मान हलवत होते, नको, नको. पण तिला वाटलं मी घाबरलेय. आजवर तिनं मला शेकडो वेळा सोडवलं होतं, तसंच आजही सोडवायचं म्हणून तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “वीस अधिक तीस पन्नास, भागिले दोन. पंचवीस, सर! पंचवीस म्हणतीय ती.”

“शाब्बास! पंचवीस बरोबर.”

मी जोरजोरात मान हलवली. “न-न-नाही.”

“काय नाही?”

“प-पंचवीस न-नाही.”

सरांनी खडू टेबलावर ठेवला. “बघा! बाई उत्तर सांगते आणि बाईच नाही म्हणते. बरोबर आलेलं उत्तर हिला कळत नाही आणि हिला बीजगणित पाहिजे. हात दाखवून अवलक्षण ते हे. बस खाली. सामान्य.”

“स-सर, म-मी...”

घंटा झाली. सर निघाले.

इथपर्यंत जे झालं ते मी आठ वर्षं सोसत आले होते. माझं बोलणं कुणीतरी पुरं करायचं, कुणीतरी हसायचं, घंटा व्हायची, मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसायची. पण त्या दिवशी वाक्य माझ्या तोंडात अर्धं होतं आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी बेंचवरून उडी मारली आणि सरांच्या मागं चालायला लागले. वाक्य सोडलं नाही. बोलतच निघाले.

“च-चढताना व-वेळ ज-ज...”

“अगं सुट्टी झाली, जा घरी.”

“ज-जास्त ल-लागतो.”

सर झपाझप निघाले, मीही झपाझप. व्हरांडा संपला. पाण्याच्या टाकीजवळ पोरं थांबून बघायला लागली. निलोफर मागून धावत आली. “सर, तिला म्हणायचंय की...”

“ग-गप!” मी ओरडले.

‘ग’ वर मी एकदाच अडखळले. निलोफर जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा मला अजून आठवतो, जसं काही मी तिच्या थोबाडीत मारली होती. मारलीही असती. खरं सांगते, त्या घडीला सरांपेक्षा जास्त राग मला तिचा आला होता. सरांनी माझं बोलणं तोडलं होतं. हिनं आपलं बोलणं माझं म्हणून खपवलं होतं, आणि तेही चुकीचं.

सर गाडीपाशी पोचले. किल्ली लावली, किक मारली. गाडी सुरू झाली. आणि मी हात घालून किल्ली काढून घेतली.

गाडी बंद पडली. उजवाच हात होता, किल्ली मुठीत.

“कस्तुरी!” सरांचा आवाज चिरका झाला. “डोकं ठिकाणावर आहे का? दे इकडं!”

“आ-आधी ऐ-ऐका.”

“मारुती! अरे मारुती! हिच्याकडनं किल्ली घे.”

मारुतीमामा आमचे शिपाई. घंटेचा हातोडा हातात तसाच घेऊन ते आले, माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. “पोरगी काय म्हणतीया तेवढं ऐकून घ्या की सर,” ते म्हणाले. “पोरीच्या अंगाला कोण हात लावणार? मी न्हाई लावणार बाबा.”

पोरांचा घोळका जमला. कुणी बोटं दुमडत नव्हतं. मी श्वास घेतला. घाई करायची नाही, असं ठरवलं. घाई मला नव्हती, क्लास मला नव्हता. जे काय बोलले ते अडखळतच बोलले. ‘ल’ वर अडकले, ‘त’ वर अडकले, एकदा तर नुसतंच तोंड उघडं राहिलं आणि आवाज येईना, तेव्हा मी थांबले, थुंकी गिळली आणि त्याच शब्दापासून परत सुरुवात केली. ते सगळं इथं तसंच लिहीत बसत नाही. अडखळणं काढून सांगते.

“सर, समजा घाट साठ किलोमीटरचा आहे.”

“साठ? साठ कुठनं आणलास? गणितात साठ नाही. आणि एवढा मोठा घाट असतोय कुठं?”

“समजा म्हटलं, सर. ताशी वीसनं साठ चढायला तीन तास. ताशी तीसनं साठ उतरायला दोन तास. जाऊन येऊन एकशे वीस किलोमीटर, वेळ पाच तास. एकशे वीस भागिले पाच. चोवीस.”

सर परत ‘पण साठ...’ म्हणायला लागले.

“साठ पटत नसेल तर तीस धरा. चढायला दीड तास, उतरायला एक. साठ किलोमीटर, अडीच तास. परत चोवीसच. काहीही धरा. टेम्पो चढाला जास्त वेळ असतो, सर. म्हणून सरासरी चढाकडं ओढली जाते. दोन वेगांची नुसती बेरीज करून निम्मं करून कसं चालेल? तुमचा तक्ता चुकलाय.”

शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. आलं आणि गेलं, आणि त्यात मी एकदाही अडखळले नाही. रागाचे काही उपकार असतात माणसावर.

सर गाडीच्या सीटवर बसूनच होते. ओठ हलत होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. दीड आणि एक अडीच. मला कळलं की त्यांना कळलंय. आणि त्यांना कळलं की मला ते कळलंय. पोरांपैकी किती जणांना समजलं, देव जाणे, पण सगळी सरांच्या तोंडाकडं बघत होती.

“बरं, आहे उत्तर बरोबर,” सर शेवटी म्हणाले. अगदी हळू. “पण मुद्दा उत्तराचा नाही. तू समजून घे, मी तुझ्या भल्याचंच बघतोय. तुला बोलायला एवढा वेळ. बीजगणित झेपायचं कसं? दहावी बोर्डाची असते.”

“बो-बोर्डाच्या प-पेपरात ब-बोलायचं अ-असतं?”

सर काही बोलायच्या आत मारुतीमामा बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं, माणूस सरळ होता. “छे गं पोरी! बोर्डाच्या पेपराला तोंड उघडलं की कॉपीत धरून उठवत्यात. मी पाणी वाटतो की दर वर्षी.”

घोळका असा हसला की टाकीवरचे कावळे उडाले. आठ वर्षं शाळेत मी हसू ऐकत आले होते. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हसलेलं ते पहिल्यांदाच ऐकलं.

“म-मग त-तोंडी क-क-कशाला घे-घेतली?” मी विचारलं.

सरांनी हात पुढं केला आणि म्हणाले, “बीजगणित. दिलं. आता किल्ली दे.”

“म-मारुतीमामा, ऐ-ऐकलं ना?”

“ऐकलं की. सगळ्यांनी ऐकलं.”

मी किल्ली दिली. तळहातावर तिचे दात उमटले होते. सर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, जिंकली बाई. कसली जिंकली! त्या दिवशी वर्गात डावे हात वर होते, ते मी विसरलेले नाही. त्यांना तर सरांनी प्रश्नच विचारला नाही. त्यातल्या कुणाला काय येत होतं, कुणाच्या मनात काय होतं, कुणाला ठाऊक! जूनमध्ये ती पोरं वेगळ्या खोलीत बसली, पाठीमागच्या, पत्र्याच्या. त्यातलं एकही पॉलिटेक्निकला गेलं नाही. आणि फाटकावरचा तो फलक तसाच राहिला, उलट पुढच्या वर्षी नवा रंग मारला. माझ्या डोक्यातून हे जात नाही आणि जाऊही नये.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

फाटकाबाहेर एसटीच्या थांब्यावर निलोफर उभी होती. दप्तर छातीशी धरून, पाठ माझ्याकडं. आमचं गाव एकच, एसटी एकच. मी जाऊन दोन हात अंतरावर उभी राहिले. माझा राग अजून निवला नव्हता.

आधी तीच बोलली. “सगळ्यांसमोर गप म्हणालीस मला.”

“तू प-पंचवीस...”

“पंचवीस का म्हणालीस, असंच ना? मला काय...” ती बोलता बोलता थांबली. आपण परत तेच केलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं ओठ दातात धरला. तिचे डोळे भरले होते, पण ती रागावलीही होती. “मला कसं कळणार गं चोवीस? तू वहीत नुसतं उत्तर लिहितीस. खाली रेघ मारतीस, वही माझ्याकडं सरकवतीस. मी वाचून दाखवते. शाब्बास निलोफर! सगळ्यांना वाटतं मला गणित येतं. सरांनी मला बीजगणित दिलंय, माहितीय तुला? मला! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, कस्तु.”

मी तिच्याकडं बघत राहिले. माझ्याच बेंचवर, माझ्याच कोपराला कोपर लावून बसणारी ही पोरगी. मी माझ्या तोंडाच्या दुःखात इतकी बुडालेली की हिच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचं मला कधी सुचलंच नाही. आणि हिला, माझं वाक्य हिसकावून घेणारीला, आत काय आहे ते कधी ऐकायलाच मिळालं नाही.

“पहिलीपासून आपण एका बेंचवर,” ती म्हणाली, “आणि तुझं एक सबंध बोलणं मी आज पहिल्यांदा ऐकलं. तेही सरांच्या गाडीपाशी उभं राहून, चोरासारखं.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “चढाला जास्त वेळ असतो म्हणून सरासरी तिकडं ओढली जाते, असं म्हणालीस ना? ते मला थोडं कळलं. थोडं नाही कळलं. परत सांग.”

वळणावर धूळ उठली. आमची एसटी येत होती. ही गेली की पुढची थेट दुपारची.

“प-परत म-म्हणजे...” मी एसटीकडं हात केला.

निलोफरनं तिकडं बघितलंही नाही. एसटी आली, थांबली, कंडक्टरनं दोनदा विचारलं, “पोरींनो, चढणार का?” ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिचं स्वतःचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

कंडक्टरनं बेल मारली. एसटी गेली.

“स-समजा,” मी म्हणाले, “घ-घ-घ...”

ती थांबली. तिला पुढचा शब्द माहीत होता, ओठांवर आलेला दिसत होता, तरी ती थांबली.

“घ-घाट,” मी म्हणाले.

“हं,” निलोफर म्हणाली. “घाट. पुढं बोल.”